तेलाचा काटा

चहाचा ग्लास त्यानं नेहमीसारखा धरला होता आणि तो बोलत होता. कशाबद्दल बोलत होता ते नंतर त्याला काही केल्या आठवलं नाही. बहुधा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सकाळपासून वीज नव्हती त्याबद्दल, कारण टपरीभोवती पहिल्या पाळीची माणसं दुचाक्या आडव्यातिडव्या लावून निवांत उभी होती. टपरीवाला पप्पू दूध ढवळता ढवळता थांबला आणि म्हणाला, "हरिबा, ग्लास ठेवा खाली. कढत पाण्यातनं आत्ताच काढलाय. मला फडक्यानं धरवंना झाला हुता." हरिबानं हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काचेला घट्ट लागली होती आणि त्यांची पेरं लालबुंद झाली होती. त्यानं ग्लास फळीवर ठेवला, मुद्दाम सावकाश. कामाचा हात आहे, त्याला काय होतंय, असं काहीतरी तो म्हणाला. पप्पू हसला, बाकीचे हसले, आणि विषय संपला. हरिबासाठी मात्र तो संपला नाही. हातात ग्लास आहे एवढं त्याला कळत होतं. पण ग्लास दुसऱ्याच कुणाच्या हातात असावा आणि आपण तो शेजारून पाहावा, तितकंच. कढत हा शब्द पप्पूनं उच्चारला तेव्हा तो त्याच्या कानाला कळला. बोटांना तो कळलाच नाही. उरलेला चहा त्यानं तसाच ठेवला आणि आपल्या दुरुस्तीच्या शेडकडे चालू लागला, तेव्हा आपण उजवा हात डाव्या हातानं धरून चाललो आहोत हेही त्याला दुसऱ्या एकानं विचारल्यावर लक्षात आलं.

दुपारपर्यंत पेरांवर फोड आले. रंगूबाईनं, त्याच्या बायकोनं, काय झालं म्हणून विचारलं तर तारेला कथलाचा डाग देताना भाजलं म्हणाला. तिनं दारातल्या कुंडीतली कोरफड चिरून लावली. कोरफड गार असते हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं गार लागल्यासारखं तोंड केलं. हे असं तोंड करणं दिवाळीपासून चाललं होतं. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग पायाखालची फरशी लांब गेल्यासारखी वाटू लागली, आणि मग एके दिवशी शर्टाची गुंडी सापडेना. साखर तर त्याला दहा वर्षांपासून होती, ती गोळ्यांवर निमूट राहते असा त्याचा समज होता. मिरजेच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी लावली होती. टोचलं की व्हय म्हणा, असं ते म्हणाले. हरिबानं डोळे मिटले आणि वाट पाहिली. काहीच होईना. मग डॉक्टरांच्या खुर्चीची कुरकुर त्याच्या कानावर आली. ते पुढं वाकले की खुर्ची वाजायची. खुर्ची वाजली की तो व्हय म्हणू लागला. डॉक्टर खूश झाले, अजून फारसं गेलेलं नाही म्हणाले, पथ्य सांभाळा म्हणाले. कॉपी करून पास झालेल्या पोरासारखा तो हसत बाहेर आला, आणि सांगलीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. खोटं दाखवणारे काटे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. आता तो स्वतःच खोटं दाखवून आला होता, तेही पैसे देऊन.

हरिबाचं बोट कुपवाडातच काय, कराडपर्यंत माहीत होतं. तो इंजिनाचा मिस्त्री नव्हता. त्याचा धंदा काट्यांचा: तेलाचा, पाण्याचा, हवेच्या दाबाचा, जिथं जिथं एखादी सुई आतलं काहीतरी बाहेर दाखवते तिथलं काम. पण ट्रकवाले, उसाच्या ट्रॅक्टरवाले, जुन्या मोटारींचे शौकीन त्याच्याकडे बाटलीतून इंजिनाचं तेलही घेऊन यायचे. तो डोळे मिटून थेंब अंगठा आणि बोटाच्या मधे चोळायचा आणि सांगायचा, बेअरिंग झिजायला लागलंय, किंवा पाणी शिरतंय, किंवा काही नाही, बिनघोर चालवा. कुणी कुणी त्यावर विश्वास न ठेवता तेल प्रयोगशाळेत पाठवलं आणि मग पेढे घेऊन परत आले. गडी फुशारला होता, खोटं कशाला बोला. मीटर सगळ्यांकडे असतो, बोट एकट्याकडे आहे, असं तो कुणाच्याही समोर म्हणायचा. ते बोट त्याला बापानं दिलं होतं. आटपाडीकडची माणसं ती, पावसाची वाट पाहून कंटाळली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या मोकळ्या रानांत उतरणारी. तिन्हीसांजेला मेंढरं बसली की त्याचा बाप धुळा त्यांच्यातून वाकून चालायचा आणि एकेकीच्या पाठीवर हात फिरवायचा. लोकरीखालचा मणका बोटाला कसा लागतो त्यावरून कुठली पोटातनं बिघडलीय, कुठली उद्या चरायची नाही ते सांगायचा. लहानग्या हरिबाला त्यानं एकदा धरून वाकवलं आणि म्हणाला, "डोळं झाक. डोळं मधी मधी करत्यात." बापाच्या तळहाताखाली त्याचा हात, त्याच्या हाताखाली ऊबदार, चिकट लोकर, आणि तिच्या खाली कुठंतरी एक कणा, आणि त्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ज्या जागी मांस असायला हवं तिथं खळगा. ही आजारी हाय, तो म्हणाला होता, आणि बाप काही न बोलता पुढच्या मेंढीकडे गेला होता. तेव्हाइतका आनंद त्याला पुढं आयटीआयचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हासुद्धा झाला नाही. आणि आता सगळं उलटं झालं होतं. डोळे मधे मधे करत नव्हते, डोळेच सगळं करत होते. नट धरला आहे की नाही ते बघावं लागे, तार ओढली गेली की सैल आहे ते बघावं लागे. दिवाळीनंतर जे कुणी तेल घेऊन आले त्यांना त्यानं रंग बघून, वास घेऊन, आणि बोलता बोलता गाडीची सगळी हकिकत काढून घेऊन सांगितलं होतं, आणि चोळायचं ते लोकांना दाखवायला चोळलं होतं. नशिबानं सगळं बरोबर निघालं होतं. आपण पकडले कसे जात नाही याची त्याला रोज थोडी थोडी भीती वाटायची.

फोड वाळून त्यांची सालं निघत होती तेव्हा साताऱ्याहून आप्पासोंचा फोन आला. आप्पासो म्हणजे साताऱ्याजवळच्या एका गावचे निवृत्त सुभेदार, घरचा ऊस, घरचे कितीतरी जण फौजेत गेलेले, आणि घरची एक विलायती मोटार, त्यांच्या वडिलांनी स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी कुणा साहेबाकडून घेतलेली. काळी, जड, आतून कातड्याचा वास येणारी. त्या गाडीत एक गंमत होती, आणि तिच्यामुळंच हरिबाचा आणि आप्पासोंचा वीस वर्षांचा ऋणानुबंध झाला होता. पेट्रोलच्या काट्याशेजारी एक बारकं बटण होतं. ते दाबलं की तोच काटा पेट्रोल सोडून इंजिनातलं तेल किती आहे ते दाखवायचा, बोट काढलं की पुन्हा पेट्रोलवर. इंजिनाखालच्या चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठतं त्या भांड्यात, एक फ्लोट तरंगायचा, आणि त्याची दांडी बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकायची. ती गुंडाळी सडली तेव्हा हरिबानं हातानं नवी गुंडाळून दिली होती, केसासारखी तार, शेजारी शेजारी, एकही वेढा चढू न देता. आप्पासोंच्या घरातला कुणी फौजेत भरती झाला की याच गाडीतून त्याला रेल्वेपर्यंत पोचवायचं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं ते बटण दाबून काटा पाहिल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आता त्यांची नात साक्षी अधिकारी म्हणून निवडली गेली होती. घरातली पहिलीच मुलगी. उद्या तिला पुण्याला रेल्वेवर सोडायचं होतं, खंबाटकीचा घाट ओलांडून, आणि काटा वेडा झाला होता. तेल घातलं नाही तरी तो चढत होता. प्रत्येक फेरीनंतर थोडा अजून, आणि आता तर पूर्णच्या खुणेपलीकडे जाऊन टेकला होता.

ते त्याच दुपारी आले. गाडी साक्षीनं चालवत आणली होती. आप्पासो शेजारी ताठ बसून होते. साताऱ्याच्या मिस्त्रीचं म्हणणं असं की काटा गेला, तार तोडून टाका आणि पट्टी बुडवून तेल बघा. पण गाडीची मूळची तेलाची पट्टी कधीच हरवली होती, तिच्या जागी कुठल्याशा दुसऱ्या गाडीची पट्टी कापून बसवलेली, तिच्या खुणेवर कुणाचाच विश्वास नव्हता. त्या खुणेवर भरवसा ठेवून सर्व्हिसिंगच्या वेळी तेल जास्तच ओतलं गेलं असेल, असंही आप्पासोंना वाटत होतं. हरिबानं सगळं ऐकून घेतलं. बटण दाबलं तर काटा तरतरून उठला आणि शेवटच्या टोकाला थांबला. मग गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेऊन तो खाली उतरला आणि चेंबरच्या कुशीतली तार सोडवायला लागला. इथं डोळ्यांचा उपयोग नव्हता. तो नट चेंबरच्या वरच्या अंगाला, आडोशाला होता. वीस वर्षं त्यानं तो न बघता काढला होता. आता त्याचं बोट तिथं कुठंतरी गेलं आणि हरवलं. नटावर आहे की पत्र्यावर, काही कळेना. साक्षी वरून वाकून बघत होती. तिनं बॅटरी धरू का विचारलं आणि त्यानं नको म्हटलं, जरा जोरातच. शेवटी त्यानं रंगूबाईकडून छोटा आरसा मागवला, म्हणाला मान दुखते, आणि आरशात बघून उलट्या दिशेनं नट फिरवत राहिला. घाम डोळ्यांत जात होता. नट निघाला तेव्हा तो हातातून निसटून खड्ड्यात पडला, आणि पडल्याचा आवाज आल्यावरच त्याला कळलं.

पुढचं सगळं मात्र नीट झालं, कारण पुढचं सगळं डोक्याचं होतं. तार सुटी केली की काटा एका टोकाला गेला, तिचं टोक गाडीच्या अंगाला लावलं की दुसऱ्या टोकाला. म्हणजे वरचा काटा ठणठणीत, तारही ठणठणीत. उरला फ्लोट. तो काढायला तेल काढणं भाग होतं. गाडी नुकतीच साताऱ्याहून आलेली, तेल तापलेलं. चेंबरच्या बुडाचं बूच उघडताच ते काळ्या दोरीसारखं परातीत पडायला लागलं, आणि परात भरली तरी थांबेना. नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं. हरिबानं फ्लोट काढून पेट्रोलनं धुतला, मीटर लावून दांडी सावकाश वरखाली केली. त्यानंच गुंडाळलेली तार वीस वर्षांनीही एका वेढ्याला चुकत नव्हती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तेव्हाच्या आपल्या बोटांचं त्याला कौतुक वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. काटा खरं तेच सांगत होता. चेंबरमध्ये तेल खरंच चढत होतं. आता प्रश्न एवढाच होता की कशानं. पाणी शिरलं असतं तर ते ताकासारखं दिसलं असतं, तसं नव्हतं. मग एक तर सर्व्हिसिंगला जास्त ओतलं गेलं, जे काही फार मोठं नाही, जादा काढून टाकायचं, झालं. नाही तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला पडदा फाटला असणार आणि पेट्रोल झिरपून चेंबरमध्ये उतरत असणार, तेल पातळ करत. तसं असेल तर घाटात, खालच्या गिअरला ओढताना, बेअरिंग जाम व्हायला किती वेळ लागतो, आणि चेंबरमधल्या पेट्रोलच्या वाफेचं काय होऊ शकतं, हे त्याला पुरतं माहीत होतं. नवं तेल भरून वेळ मारून नेता आली असती, पण पडदा फाटका असेल तर नव्या तेलातही तेच पेट्रोल उतरणार होतं.

आप्पासो खुर्ची ओढून परातीपाशी बसले. त्यांना ही घटका आवडायची. हरिबानं तर्जनी बुडवली, अंगठ्याशी जोडली, डोळे मिटले आणि चोळायला लागला. आत अंधार होता. बोटाला काही लागत होतं, पण ते तेल आहे, पाणी आहे, की बोटच आहे, हे सांगायला कुणी नव्हतं. ते ऊन आहे की निवलंय हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. आणि तेच माहीत असायला हवं होतं, कारण तापलेलं तेल चांगलं असलं तरी पातळच पडतं. वास घेऊन उपयोग नव्हता, फ्लोट धुतल्यामुळं हाताला, परातीला, साऱ्या शेडला पेट्रोलचा वास सुटलेला. जुन्या वर्तमानपत्रावर थेंब टाकून बघता आलं असतं. पेट्रोल असेल तर डागाभोवती फिकं कडं पसरतं, हे कुणीही करतं. पण हरिबानं कागदावर थेंब टाकला असं आप्पासोंनी पाहिलं असतं, आणि मग बोटाला काय झालं हे त्यांना विचारावंही लागलं नसतं. ते बघत होते. पोरगी बघत होती. डोळे मिटलेले असूनही ते त्याला दिसत होते. आणि आपलंच तोंड आपलं नसल्यासारखं त्यानं ऐकलं, "तेल चांगलं हाय, आप्पा. जास्त भरलंय, दुसरं काय न्हाई."

आप्पासोंनी मांडीवर थाप मारली आणि त्या साताऱ्याच्या मिस्त्रीचा उद्धार केला. आपण आधीच म्हणत होतो, असं ते साक्षीला सांगत राहिले. रंगूबाईनं चहा पाठवला. साक्षी मात्र परातीपाशीच उकिडवी बसून होती. शिकून घ्यावं अशी तिची धडपड दिसत होती. कदाचित उद्या जायचं म्हणून प्रत्येक गोष्ट ती धरून ठेवत असावी. तिनं स्वतःचं बोट तेलात बुडवलं, चोळलं, आणि हसली.

"काका, मला तर नुसतं तेलच लागतंय. तुम्हाला नेमकं काय कळतं?"

नुसतं तेल, हे तिनं ज्या सहजपणे म्हटलं त्याचा त्याला हेवा वाटला. मग तो सांगायला लागला. आठवून सांगत होता, बोटांना विचारून नव्हे. चांगलं तेल दोन बोटांच्या मधे उभं राहतं, तो म्हणाला. कितीही दाबा, बारीक का होईना, पण त्याचा एक थर मधे राहतोच, बोट त्याच्यावरनं घसरतं. धातूचा कीस असेल तर तो दिसायच्या आधी लागतो, रव्यासारखा. पाणी असेल तर मधेच पाय घसरल्यागत होतं. आणि पेट्रोल मिसळलं असलं की तेलातला जीव जातो. थर टिकतच नाही, दाबलं की बोटाला बोट भेटतं. साक्षी लक्ष देऊन ऐकत होती आणि आपली बोटं एकमेकांवर फिरवत होती, पण ती पहिल्यांदाच हे करत होती, तिला कशाशी ताडायचं ते माहीत नव्हतं. हरिबा तिच्या बोटांकडे बघत होता. लहान नखं, तेलानं काळी झालेली. उद्या ही बोटं स्टेअरिंगवर असणार, आणि शेजारी हा म्हातारा. आप्पासो पलीकडं सांगत होते की पहाटे निघायचं, घाट उन्हाच्या आत चढायचा. आपण काय सांगून बसलो हे हरिबाला तेव्हा लख्ख कळलं. आपल्या हाताची लाज झाकायला आपण या पोरीला घाटात पाठवतो आहोत. त्यानं वाटीभर तेल परातीतून काढून घेतलं, आलोच म्हणाला, आणि शेडच्या मागच्या दारानं घरात गेला. निदान चोरून कागदावर तरी बघू, एवढंच त्याच्या मनात होतं. चोरून बघितलं तर आप्पासोंना नंतर काहीतरी सांगता येईल.

रंगूबाई परसात मोरीपाशी भांडी घासत होती. तो आत फडताळातली जुनी वर्तमानपत्रं उचकायला लागला, एका हातात वाटी. कागद त्याच्या बोटांतून सुटे होईनात, चार-चार एकदम येत होते. ती पदराला हात पुसत दारात आली आणि बघत राहिली.

"कागूद कशापायी?"

"थेंब टाकून बगायचा हाय."

"तुमी कवापासनं कागदावर बगाय लागला?"

यावर काहीतरी सांगता आलं असतं. डाग देताना भाजलं हे जसं सांगितलं तसं. पण वाटी थोडी कलली होती आणि तेल त्याच्या मनगटावरून ओघळत होतं, आणि ते त्याला तिच्या नजरेवरून कळलं. त्यानं वाटी ओट्यावर ठेवली. "रंगू, बोटाला कळंना झालंय," तो म्हणाला. इतके महिने हे वाक्य त्याच्या आत होतं, पण इतकं आखूड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "दिवाळीपासनं तुमी गुंड्या बगून लावताय."

ती रागावेल, रडेल, डॉक्टरचं काढेल असं त्याला वाटलं होतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. बाहेर काय सांगून आलात एवढं तिनं विचारलं, आणि त्यानं सांगितल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. पोरगी तर घाटातनं जाणार, ती म्हणाली, आणि हात पुन्हा एकदा कोरडे करून पुढं आली. तिची बोटं जन्मभर लोकर कातलेली. लग्नानंतर कुपवाडला आली तेव्हा सूत कातायची चातीही घेऊन आली होती, आणि सूत जाड निघतंय की बारीक ते ती दुसरीकडे बघत, बोलत, कुणाशी भांडत असतानाही ओळखायची. हरिबाला हे माहीत होतं. पण ही बोटं आपल्या कामाची असतील असं त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते आता आलं आणि त्याची त्याला शरम वाटली. त्यानं डब्यातलं नवं तेल तिच्या डाव्या हाताच्या बोटावर टाकलं आणि वाटीतलं उजव्या. निवलंय का विचारलं. दोन्ही सारखीच गार आहेत, ती म्हणाली. मग दाब, तो म्हणाला, आणि सांग. तिनं डोळे मिटले. तिला कुणी मिटायला सांगितलं नव्हतं. आधी डावा हात, मग उजवा, मग पुन्हा डावा. तिचं तोंड तो बघत होता, पण त्यात काय दिसतंय ते त्याला कळेना.

"हे उभं ऱ्हातंय," तिनं डावा हात वर केला. "आन् ह्यात काय जीवच न्हाई. बोटाला बोट लागतंय."

तो तिला घेऊन बाहेर आला. आप्पासोंचा चहा संपला होता आणि ते जायच्या घाईत होते. उभं राहूनच सांगावं असं हरिबानं ठरवलं होतं, पण पाय भरवशाचे नव्हते म्हणून त्यानं बाकावर टेकून सांगितलं. मघाशी आपण सांगितलं ते चुकीचं आहे, तेलात पेट्रोल उतरतंय, ही गाडी घाटात न्यायची नाही. आप्पासोंना वाटलं तो पुन्हा तपासून आला. हरिबानं मान हलवली. "मी न्हाई, आप्पा. माज्या बोटाला आता काय कळत न्हाई. मघाशी मी नुसतं डोळं मिटून चोळलं आन् बोललो. हे हिनं सांगितलंय." आप्पासोंचा चेहरा आधी काहीच न कळल्यासारखा झाला आणि मग हळूहळू लाल झाला. वीस वर्षं आपण याच्या बोटावर गाडी चालवली, आणि आजही चालवली असती, नातीला बसवून, असं ते म्हणाले, आवाज न चढवता. हरिबानं खाली बघितलं. ते बरोबर बोलत होते. मग त्यांनी रंगूबाईकडे पाहिलं, आणि तिनं पदर सावरला, पण नजर काढली नाही.

पंपाच्या बुडाशी एक बारकं भोक असतं, पडदा फाटला की तिथं ओल येते. इंजिन आणि पत्रा यांच्या सांदीत, आरसाही जाणार नाही अशा जागी. हरिबानं सांगितलं आणि रंगूबाईनं बांगड्या मागं सारून हात घातला. डावीकडं, तो म्हणाला, अजून खाली, कडा लागली की थांब. ती थांबली. हितनं वलं हाय, ती म्हणाली. साक्षीनं बॅटरी धरली होती, जिचा काही उपयोग नव्हता. अशा गाडीचा पडदा विकत मिळत नाही, कापून बनवावा लागतो, म्हणजे उद्याचं जाणं या गाडीतून होणार नव्हतं हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. आप्पासो गाडीत जाऊन बसले, पुढच्या सीटवर, दार उघडं ठेवून. त्यांचे चुलते, भाऊ, दोन पुतणे, ते स्वतः, सगळे या सीटवर बसून गेले होते. एक चुलता परत आला नव्हता. पयलीच पोरगी, आणि तीच एस्टीनं जायची, असं ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. साक्षी त्यांच्या गुडघ्यापाशी जाऊन बसली. "आप्पा, मी नीट पोचले म्हणजे झालं की," ती म्हणाली, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथंच राहिला. त्या हाताला तिचे केस कळत असतील, ऊब कळत असेल, हे हरिबा बाकावर बसून बघत होता.

बसस्टँडसाठी रिक्षा आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. साक्षी दोघांच्या पाया पडली. आप्पासोंनी रंगूबाईला, वैनी येतो, म्हटलं. वीस वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदाच काही बोलले. हरिबाकडं ते आले नाहीत. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले की गाडी इथंच राहू दे, दोघं मिळून करा. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावरही हरिबा रस्त्याकडं तोंड करून उभा होता. काहीतरी कायमचं गेलं होतं. मीटर सगळ्यांकडे असतो, बोट एकट्याकडं आहे, असं आता त्याला कधीच म्हणता येणार नव्हतं, आणि कराडपर्यंत हे चार दिवसांत पोचणार होतं. त्याला आतून रिकामं वाटत होतं. पण मिरजेहून आल्यापासून छातीवर बसलेलं ओझं आता तिथं नव्हतं, हेही त्याच्या लक्षात आलं.

परसात रंगूबाईनं चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे होते. तो सवयीनं वाकून हात घालायला गेला तशी ती थांबा म्हणाली. वाफ दिसत होती, पण वाफेवरून किती ते त्याला ठरवता येईना. तिनं गार पाण्याचा तांब्या ओतला, आपला हात घालून बघितला, काढला, अजून अर्धा तांब्या ओतला आणि पुन्हा हात घालून थोडा वेळ आतच ठेवला. तो बादलीच्या काठाशी उकिडवा बसून वाट बघत राहिला, हात पुढं धरून. "आता घाला," ती म्हणाली. पाणी कसं आहे ते त्याला कळलं नाही. तिनं घाला म्हटलं म्हणून त्यानं हात घातले.